कवटीतली रिकामी जागा

डोक्यात दुसऱ्यांदा रक्त साचलं की घरात आधी माणसांची चौकशी होते, रक्ताची नंतर. अण्णांच्या वेळी आमच्याकडे हा खटला चांगलाच रंगला. दादाचं म्हणणं, हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी परत सुरू करायची घाई केली. आईचं म्हणणं, अण्णा कुणाचं ऐकत नाहीत, टाके निघाल्याबरोबर वाकून कॉटखालची पेटी ओढत होते. कोल्हापूरच्या आत्यानं फोनवरूनच निकाल देऊन टाकला, 'पहिलं ऑपरेशनच नीट झालं नव्हतं. सगळं रक्त काढायला नको होतं का?' आणि शेजारच्या काकूंना दवाखान्यातून घरी येताना गाडी स्पीडब्रेकरवर आदळली होती हे पक्कं आठवत होतं, त्या गाडीत नसूनही.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे घरात मला निम्मी डॉक्टर समजतात आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी फक्त पेशंटची मुलगी असते. या दोन्हींच्या मधे उभं राहून मला जे कळलं ते लिहिते आहे.

पहिल्या वेळची हकिकत मोठी नाही. अण्णा एसटीच्या सातारा डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, तेव्हा वय ७८. गावाकडे गोठ्यात शिरताना चौकट डोक्याला लागली. रक्त आलं नाही, टेंगूळ आलं, आईनं हळद लावली, विषय संपला. दीड-दोन महिन्यांनी डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. अण्णा पुढे जायचे, चप्पल मागे उंबऱ्यापाशी राहायची, आणि त्यांना ते कळायचंच नाही. अनवाणी पाय थंड फरशीवर पडतोय हेसुद्धा नाही. आईला वाटलं अंगठा सैल झालाय, तिनं नवी जोडी आणली. तीही निसटली. मग सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागू लागला, दुपारी बोलता बोलता डोळा लागू लागला. शेजारी म्हणाले, वय झालं. सीटी स्कॅन काढला तर उजवीकडे कवटीच्या आतल्या कडेनं एक जाड, करडी चंद्रकोर होती आणि मेंदू डावीकडे सरकला होता.

ऑपरेशन तेवढ्या जागेला भूल देऊन केलं. कवटीला दोन भोकं पाडून साचलेलं काढायचं आणि मिठाच्या पाण्यानं जागा धुवायची. अण्णा जागे होते. ड्रिल चालू झाल्यावर त्यांनी बिट किती एमएमचं आहे अशी चौकशी केली म्हणे. नंतर वॉर्डात सर्जन आले आणि म्हणाले, 'काका, आतून अगदी जळक्या ऑइलसारखं निघालं बघा.' डोक्याला पट्टी, नाकात नळी, तरी अण्णांनी हात वर केला. 'ऑइल काळं झालं म्हणजे इंजिन चालू होतं की हो.'

सगळे हसलो. पुढे वाचत गेले तसं कळलं की म्हातारा नेमकं बोलला होता.

मेंदूभोवती तीन आवरणं असतात. सगळ्यांत बाहेरचं जाड आणि चिवट, कवटीला आतून चिकटलेलं. त्याच्या आत एक पातळ, जाळीदार आवरण. या दोघांमध्ये निरोगी माणसाला मोकळी जागा नसतेच, तिथल्या पेशी एकमेकींना ढिल्या धरून असतात, आणि तो ढिला थर फाटला की मग जागा तयार होते. मेंदूच्या पृष्ठभागावरून काही बारीक शिरा हा थर ओलांडून बाहेरच्या आवरणात जातात. उतारवयात मेंदू आक्रसतो, कवटी मात्र आहे तेवढीच राहते. शिरा ताणल्या जातात. मग गोठ्याची चौकटही पुरते. शिरेतलं रक्त संथ असतं, त्यामुळे त्या दिवशी काहीच होत नाही.

एवढ्यावर थांबलं तर शरीर ते रक्त हळूहळू शोषून घेतं, आणि पुष्कळांच्या बाबतीत घेतंही. पण काहींमध्ये दुरुस्ती भलत्या वाटेला लागते. साचलेल्या रक्ताभोवती शरीर एक पापुद्रा विणतं. बाहेरच्या जाड आवरणाला लागून असलेल्या या पापुद्र्यात नव्या केशवाहिन्या फुटतात. जखम भरायची म्हणजे रक्तपुरवठा हवा, म्हणून त्या येतात. पण त्यांच्या भिंती कच्च्या असतात, त्या पाझरतात. भरीला साचलेल्या द्रवात गुठळी विरघळवणारी द्रव्यं भरपूर असतात, त्यामुळे पाझरलेलं रक्त नीट गोठत नाही. विरघळलेल्या गुठळीचे अवशेष दाह वाढवतात, दाह नव्या केशवाहिन्या बोलावतो, त्याही पाझरतात. दीड-दोन महिने अण्णांच्या डोक्यात हे चालू होतं. चौकटीनं सुरुवात केली असेल, पण पुढचं सगळं शरीरानं स्वतः, जखम भरण्याच्या नावाखाली केलं.

गंमत म्हणजे आमच्या घरातला वाद वैद्यकशास्त्रात फार आधी होऊन गेलेला आहे. १८५७ मध्ये जर्मनीत रूडॉल्फ विरशॉनं या दुखण्याला आवरणाचा दाह ठरवलं. त्याच्या मते आधी पापुद्रा आणि मग त्यातून रक्त. १९१४ मध्ये लंडनचा सर्जन विल्फ्रेड ट्रॉटर म्हणाला, दाह कसला, डोक्याला मार लागून शीर फाटते, पेशंट तो मार विसरून गेलेला असतो एवढंच. पुढची कित्येक दशकं ट्रॉटरचं पारडं जड राहिलं. आज दोघांनाही थोडं थोडं बरोबर म्हणावं लागतं. सुरुवात बहुतेकदा ट्रॉटर म्हणतो तशी होते, आणि दुखणं टिकून राहतं ते विरशॉनच्या पापुद्र्यामुळे.

आता आत्याच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. ऑपरेशनमध्ये द्रव निघतो, पापुद्रा तिथेच राहतो. तो खरवडून काढायचा तर कवटीचा मोठा तुकडा उघडावा लागतो, ७८ व्या वर्षी त्यात फायद्यापेक्षा धोका जास्त. म्हणून सर्जन दाब कमी करतात आणि बाकीचं काम मेंदूवर सोडतात. मेंदूनं वर यावं, कवटीतली रिकामी झालेली जागा भरावी, पापुद्र्यावर टेकावं, म्हणजे पाझर थांबतो. हे नेहमी घडतं असं नाही. वर्षानुवर्षं आक्रसलेला, दोन महिने दाबून राहिलेला मेंदू लगेच उसळी घेत नाही. मधल्या काळात त्या जागेत काहीतरी भरणारच, मग पाणी असो, हवा असो, नाहीतर पुन्हा रक्त.

हे माहीत असल्यामुळेच ऑपरेशननंतर एक नळी आत ठेवतात. साधी, बारीक, साधारण दोन दिवस. केंब्रिजच्या सर्जनांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या चाचणीत २१५ पेशंट होते. नळी ठेवलेल्यांपैकी ९.३ टक्क्यांना पुन्हा रक्त साचलं, न ठेवलेल्यांपैकी २४ टक्क्यांना. फरक इतका ठसठशीत होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. पण मला यातला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळं नीट केलं, नळी ठेवली, तरी साधारण दहातल्या एकाला परत. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर टाके कधी काढायचे, काय खायचं, कुठल्या गोळ्या जेवणानंतर, सगळं होतं. 'पुन्हा साचू शकतं, पहिल्या तीन महिन्यांत जास्त, पाय ओढला किंवा गुंगी आली तर लगेच या' एवढी एक ओळ नव्हती. ती असती तर आमच्या घरातला निम्मा खटला उभाच राहिला नसता. लोकांना घाबरवायचं नसतं हे मला मान्य आहे. पण ज्या घरानं कवटीला भोकं पाडायला सही दिली आहे त्याला ही ओळ झेपते.

दुसऱ्या वेळी चप्पल नाही, कप निसटला. डाव्या हातातला चहाचा कप अण्णांनी टेबलावर ठेवला असं त्यांना वाटलं आणि तो टेबलाच्या कडेशी फुटला. दादानं त्याच संध्याकाळी गाडी काढली. यावेळच्या स्कॅनमध्ये चंद्रकोरीला दोन रंग होते. वरती करडा, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला, माणूस उताणा झोपल्यावर जिथे जड पदार्थ खाली बसतो तिथे, पांढरा थर. जुनं रक्त करडं दिसतं, ताजं पांढरं. सर्जननी पेनाच्या टोकानं ती सीमारेषा दाखवली. असा थरांचा किंवा मिश्र रंगाचा स्कॅन असेल तर पाझर चालू आहे असं समजतात, आणि अशांमध्ये परत साचण्याचा धोका जास्त असतो. मग त्यांनी पहिल्या ऑपरेशननंतरचा स्कॅन शेजारी लावला. पुढच्या बाजूला, कपाळामागे, काळाकुट्ट पट्टा. ती हवा. मेंदू तिच्याखाली चपटा होऊन बसला होता. 'हे तेव्हाच दिसत होतं,' ते म्हणाले, 'पण पेशंट चालत होता, बोलत होता. आपण स्कॅनचं ऑपरेशन करत नाही.' हे वाक्य तेव्हा मला टाळाटाळ वाटलं. नंतर पटलं. ऑपरेशननंतर थोडं काहीतरी उरलेलं बहुतेकांच्या स्कॅनमध्ये दिसतं आणि त्यातलं पुष्कळ आपोआप जिरतं.

मग मी विचारलं, कारण काय? सर्जन हसले. 'कारण एकच असतं तर बरं झालं असतं. किती सांगू?'

त्यांनी सांगितलेली आणि मी मागाहून शोधलेली, दोन्ही इथे सरमिसळ करून लिहिते. मेंदू वर न येणं आणि हवा राहणं हे झालंच. रक्ताची चंद्रकोर दोन्ही बाजूंना असेल, मुळातच जाड असेल, किंवा आत पडदे तयार होऊन कप्पे झाले असतील तर एका भोकातून सगळे कप्पे रिकामे होत नाहीत. रक्त न गोठण्याची कारणं वेगळी. वॉरफरिनसारख्या गोळ्या, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कमी झालेल्या प्लेटलेट, खराब झालेलं यकृत. किडनी निकामी झाली की प्लेटलेट संख्येनं असूनही नीट काम करत नाहीत, शिवाय डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. दारू तर तिन्ही बाजूंनी येते, मेंदू आक्रसवते, यकृत बिघडवते आणि माणसाला पाडते. डोक्यातलं पाणी पोटात सोडणारी शंट बसवलेली असेल आणि ती जास्त वाहत असेल तर मेंदू वर येण्याऐवजी खाली ओढला जातो. क्वचित आवरणावर दूर कुठून पसरलेला कॅन्सर बसलेला असतो, म्हणून वारंवार साचत असेल तर काढलेला द्रव आणि पापुद्र्याचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो. आणि अर्थात पुन्हा पडणं. हे घरचे लपवतात, कारण पडताना धरायला कुणी नव्हतं असा त्याचा अर्थ होतो.

यातलं एक कारण मात्र ऐकून मी थक्क झाले. माणूस तरुण आहे, मार लागल्याचं आठवत नाही, गोळ्या नाहीत, दारू नाही, तरी दोन्ही बाजूंना साचतंय आणि काढलं की परत साचतंय. अशा वेळी भोक डोक्यात नसतं, पाठीत असतं. मणक्याच्या आवरणाला कुठेतरी बारीक चीर पडलेली असते आणि मेंदूभोवतीचं पाणी तिथून झिरपत राहतं. पाणी कमी झालं की मेंदू खाली बसतो, वरच्या शिरा ताणल्या जातात, रक्त साचतं. याची खूण डोकेदुखीत सापडते. उभं राहिलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं. याच्या डोक्यातलं कितीही वेळा काढा, पाठीतली गळती बंद होईपर्यंत ते परत येऊ शकतं. ती बंद करायला पुष्कळदा पेशंटचंच थोडं रक्त काढून मणक्याच्या आवरणाबाहेर सोडतात, ते गोठून चिरेवर बसतं. एका ठिकाणी नको असलेलं रक्त दुसऱ्या ठिकाणी मुद्दाम घालायचं. वर्गात हे सांगितलं तर मागच्या बाकावरचीसुद्धा पोरं ऐकतात.

अण्णांच्या बाबतीत पाठीचा प्रश्न नव्हता. तिथे वय होतं, हवा होती, थरांचा स्कॅन होता आणि दादाची ती गोळीही होती. कुणाचा वाटा किती हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

पुढे काय करायचं यावर बोलणं निघालं तेव्हा दादानं मोबाइल पुढे केला. त्यावर ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते निवासस्थानी न्हाणीघरात पडले, डोक्याला मागे टाके पडले. डिसेंबरमध्ये डोकं दुखायला लागलं, साओ पाउलोला नेऊन रातोरात कवटीला भोक पाडून रक्त काढलं. दोनच दिवसांनी, १२ डिसेंबरला, त्यांच्यावर दुसरा उपचार केला. तो परत रक्त साचू नये म्हणून. लुलांचं वय तेव्हा ७९. दादाचा मुद्दा साधा होता, 'त्यांना करतात तर अण्णांना का नाही?'

तो दुसरा उपचार म्हणजे पापुद्र्याचा पाणीपुरवठा तोडणं. बाहेरच्या आवरणाला रक्त देणारी एक धमनी कानाच्या वर, कवटीच्या आतल्या बाजूनं फांद्या फोडत जाते. पापुद्र्यातल्या कच्च्या केशवाहिन्या तिच्यावरच पोसलेल्या असतात. मनगटातून किंवा जांघेतून तार घालून तिथपर्यंत जायचं आणि ती बंद करायची. २००० साली जपानी डॉक्टरांनी यकृत बिघडल्यामुळे रक्त गोठत नसलेल्या, पुन्हा पुन्हा साचणाऱ्या एका पेशंटवर हे केल्याचं छापलं. पुढची वीसेक वर्षं ते तुरळक चाललं. २०२४ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. अमेरिकेतल्या एका चाचणीत ४०० पेशंट होते. ऑपरेशनसोबत धमनीही बंद केलेल्यांपैकी ४.१ टक्क्यांना तीन महिन्यांत परत ऑपरेशन लागलं, नुसतं ऑपरेशन केलेल्यांपैकी ११.३ टक्क्यांना. मृत्यूचं प्रमाण मात्र त्यामुळे घटलेलं दिसलं नाही.

अण्णांना हे करायचं ठरलं. आधी जुन्याच भोकांतून रक्त काढलं, नळी ठेवली, आणि मग पुण्याला आणलं. तार आत गेली, रंगद्रव्य सोडलं, पडद्यावर धमनी उमटली आणि डॉक्टर थांबले. अण्णांच्या उजव्या डोळ्याला रक्त देणारी वाहिनी त्याच धमनीतून निघाली होती. काही माणसांची घडणच तशी असते. ती बंद केली असती तर डोळा गेला असता. त्यांनी तार बाहेर काढली आणि आम्हाला बोलावून चित्र दाखवलं. खर्च झाला होता, दादा खट्टू झाला होता, आणि मला त्या डॉक्टरांचं फार कौतुक वाटलं. सुरू केलेलं काम अर्ध्यात सोडून बाहेर येऊन नातेवाइकांना तसं सांगायला हिंमत लागते.

गोळ्यांनी जिरवता येत नाही का, हा प्रश्न आम्हीही विचारला. स्टेरॉइडवर मोठी भिस्त होती, कारण दाह आहे तर दाह कमी करणारं औषध चालायला हवं. ब्रिटनमधल्या ७४८ पेशंटांच्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी १.७ टक्क्यांनाच परत ऑपरेशन लागलं, औषध नसलेली साधी गोळी घेतलेल्यांपैकी ७.१ टक्क्यांना. इथपर्यंत वाचून मी खूश झाले. पुढची ओळ अशी की सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले पेशंट स्टेरॉइडच्या गटात ८३.९ टक्के आणि साध्या गोळीच्या गटात ९०.३ टक्के. रक्त कमी साचलं आणि माणसं जास्त बिघडली. स्कॅनचं ऑपरेशन करत नाही म्हणजे काय, ते मला या दोन ओळींनी समजावलं.

राहिली दादाची गोळी. अण्णांच्या हृदयात स्टेंट आहे. ॲस्पिरिनचा परिणाम प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, राहतो, त्यामुळे बंद केली की लगेच फरक पडत नाही आणि सुरू केली की लगेच चूक उलटवता येत नाही. हृदयाचे डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे, 'गोळी आवश्यक.' मेंदूचे सर्जन त्याच चिठ्ठीखाली लिहायचे, 'तूर्त नको.' चिठ्ठी पर्समध्ये घेऊन मी दोन मजल्यांच्या मधे लिफ्टनं वर-खाली. शेवटी सर्जनच्या केबिनमध्ये बसूनच मी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि फोन सर्जनच्या हातात दिला. चार मिनिटं लागली त्यांना. स्टेंट किती जुना, एक की दोन, मागचा स्कॅन कसा, पुढचा कधी. स्टेंट जुना होता, म्हणून थांबायला वाव होता. चार आठवड्यांनी स्कॅन, मेंदू वर आलेला दिसला तर एकच गोळी, कमी डोसची, असं ठरलं.

स्कॅनमध्ये चंद्रकोर बारीक झाली आहे, गेलेली नाही. हवा गेली. गोळी सुरू झाली. अण्णांनी सर्जनना विचारलं की लुना चालवू का. ते नाही म्हणाले. अण्णांनी मग हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, 'आधी वरच्या मजल्यावर विचारून या.'